धुराची रेघ सरळ का जाते? भ्रंश, भेगा आणि जमिनीखालचा जळता कोळसा

मांडवीकर · रविवार, रात्री ९.४०

माझा भाचा झारखंडात धनबादकडे कोळसा खाणीच्या सर्वेक्षणाच्या कामावर लागलाय. परवा त्याने झरियाजवळच्या एका बंद खाणीवरच्या माळाचा व्हिडिओ पाठवला. खाली कोळसा जळतो हे ऐकून होतो, पण मला वाटायचं की धूर जिथून फट मिळेल तिथून, कसाही निघत असेल. तसं नाही. धूर चक्क एका रेघेत निघतोय. माळ ओलांडून पार पलीकडच्या नाल्यापर्यंत आखल्यासारखी सरळ रेघ. रेघेच्या एका अंगाला गवत हिरवं, दुसऱ्या अंगाला करपलेलं. भाचा म्हणतो, “मामा, इथून फॉल्ट जातो असं सगळे म्हणतात.”

आपण पडलो वाणिज्य शाखेचे, उभी हयात बँकेत गेली. म्हणून इथे विचारतो. फॉल्ट म्हणजे भ्रंश, खडक फाटून दोन बाजू एकमेकींवरून सरकतात तो, एवढंच ठाऊक. त्या भ्रंशाचा आणि अशा आगीचा नेमका संबंध काय? भ्रंश आग पसरवतो की अडवतो? बडोद्यात इतके भूगर्भवाले आणि तेलवाले राहतात, कोणीतरी सांगेलच.

चौकस · रविवार, रात्री १०.०५

माझा त्याहून सोपा प्रश्न. शंभर वर्षं जळतंय म्हणतात, मग पाणी सोडून विझवत का नाहीत? दामोदर नदी शेजारून वाहते की.

सुरसागर_कट्टा · रविवार, रात्री १०.१२

वाचतोय. भूस्तरकाका, कुठे आहात?

भूस्तर_बडोदा · सोमवार, सकाळी ७.१५

आहे, आहे. चहा झाल्याशिवाय कोळशावर बोलत नाही.

मांडवीकर, भ्रंश दोन्ही करतो. बऱ्याचदा एकच भ्रंश एका जागी आग अडवतो आणि पन्नास पावलांवर तीच आग वर आणतो. त्यामुळे नकाशावरच्या रेघेकडे बोट दाखवून कोणी छातीठोक सांगू लागला की मी जरा सावध होतो.

आधी आगीचं बघू. कोळशाला पेटायला काडी लागत नाही. नव्याने उघडा पडलेला कोळसा हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो आणि त्यात थोडी उष्णता सुटते. ती निघून गेली तर काही होत नाही. अडकली तर कोळसा तापतो, तापला की आणखी झपाट्याने ऑक्सिजन ओढतो, आणि हे चक्र वाढत जाऊन एक दिवस धूर दिसतो. म्हणजे हवा हवी, पण बेताची. सोसाट्याची असेल तर कोळसा गार राहतो, अजिबात नसेल तर आग गुदमरते. खडकातल्या बारीक भेगा नेमकी ही बेताची हवा पुरवतात. शिवाय ज्वाळा टिकणार नाही इतक्या कमी ऑक्सिजनवरही कोळसा नुसता धुमसत राहू शकतो. जमिनीखाली बहुतेक ठिकाणी असतं ते हे धुमसणंच.

आता झरियाचा भूगोल. साधारण ४५० चौरस किलोमीटरचं कोळसाक्षेत्र. बराकर नावाच्या खडकांत एकाखाली एक असे अठरा मुख्य थर, तिथले लोक त्यांना रोमन आकड्यांनी ओळखतात. थर उत्तरेकडे जमिनीवर उघडे पडतात आणि दक्षिणेकडे उतरत जातात. दक्षिणेच्या कडेला एका मोठ्या सीमाभ्रंशाने सगळं खोरं कापलेलं आहे. मुळात दामोदरचा हा पट्टा भ्रंशांमुळेच खाली खचला, आणि खचला म्हणून गोंडवन काळातला, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीचा, कोळसा झिजेतून वाचला. आग मुख्यतः थर उघडे पडतात त्या बाजूला जास्त, कारण वारा तिथूनच आत शिरतो. पहिली आग नोंदली गेली १९१६ साली, भौरा खाणीत.

आणि भ्रंश. नकाशात ती रेघ असते, जमिनीत ती जाडी असलेली पट्टी असते. मधोमध खडक एकमेकांवर घासून त्यांचं पीठ झालेलं असतं. शेलसारखा मातकट खडक असेल तर हे पीठ चिकणमाती होऊन गच्च बसतं, त्यातून हवा जवळजवळ जात नाही. पण या गाभ्याच्या दोन्ही अंगांना तडकलेल्या खडकाचा पट्टा असतो, कधी हातभर तर कधी कितीतरी मीटर रुंद. त्यातून हवा वरखाली आरामात फिरते. म्हणून भ्रंश ओलांडून पलीकडे जाणं आगीला अवघड आणि त्याच्या कडेने वर येणं सोपं. एक अंग हिरवं, एक करपलेलं, याचं एक उत्तर हे. एकमेव उत्तर आहे असं मात्र म्हणणार नाही, त्यावर नंतर लिहितो.

आणखी एक गोष्ट म्हणजे सरक, भ्रंशाने थर किती वरखाली केला ती. वह्यांचा गठ्ठा उभा कापा आणि एक अर्धा थोडा खाली सरकवा. सरक एका वहीच्या जाडीहून कमी असेल तर ती वही स्वतःला कुठेतरी चिकटून राहते, आग पार होऊ शकते. जास्त असेल तर समोर दुसरंच काही येतं. वालुकाश्म आला तर आग तिथे अडते. पण झरियात थर इतके जवळजवळ आहेत की समोर कोळशाचाच दुसरा थर यायचा. मग चौदा नंबरच्या थराची आग तेरा नंबरला लागली असंही होऊ शकतं.

बाकी दुपारी. दूधवाला आला.

धनबादची_लेक · सोमवार, सकाळी १०.३०

माझं लहानपण धनबादला गेलं, बाबा खाण खात्यात होते. लग्न होऊन अलकापुरीत आले, पण “झरिया” शब्द वाचला की हात आपोआप टंकायला लागतात.

भूस्तरकाका, आग उत्तरेकडे जास्त हे अगदी बरोबर. आम्ही मुलं अशा भेगांच्या काठाला जायचो, आईच्या शिव्या खात. भेगेच्या तोंडाशी दगडाला पिवळ्या सुया चिकटलेल्या असत, बोट लावलं की मोडत. थोडं बाजूला पांढरट, खारट पापुद्रा. सगळ्या भेगा धूर ओकत नसत हे मला तेव्हाच कळलं होतं. काही भेगांच्या तोंडाशी वाळलं पान धरलं की ते आत ओढलं जायचं! तिथे हात गार लागायचा. आम्ही त्यांना “श्वासवाल्या” म्हणायचो.

आणि तिथे लोक “झामा” म्हणतात तो दगडही सगळीकडे. तो जळून गेलेला कोळसा असं आम्हाला सांगत.

कल्याणी_रावपुरा · सोमवार, सकाळी ११.१०

ताई, पिवळ्या सुया म्हणजे गंधक. कोळशातला गंधक जळताना वायू होऊन वर येतो आणि भेगेच्या तोंडाशी, गार दगडावर जमतो. पांढरा पापुद्रा बहुतेक नवसागर असणार. कल्हईवाला भांड्यात टाकून धूर काढायचा तोच. ताजिकिस्तानात फान-याग्नोब नावाच्या ठिकाणी अशाच जळत्या कोळशाच्या भेगांवरून लोक पूर्वापार नवसागर खरवडून आणत. आजीच्या पितळेच्या पातेल्यामागे कुठली तरी जळती खाण असेल असं कधी वाटलं नव्हतं.

चौकस, पाण्याचं. कोळसा पुरेसा लाल झालेला असेल आणि त्यावर पाणी पडलं तर पाण्याची वाफ कोळशाशी अभिक्रिया करून हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. पूर्वी शहरात दिव्यांना हाच वायू पुरवत. बंद पोकळीत तो साठला की स्फोट. आणि स्फोट झाला नाही तरी पाणी उतारावरच्या एका भेगेतून निघून जातं, आग शेजारी तशीच राहते. तापलेल्या खडकावर एकदम पाणी पडून तो आणखी तडकतो ते वेगळंच. पाण्याचा वापर होतो, पण आजूबाजूची हवा बंद करून आणि मोजूनमापून.

चौकस · सोमवार, सकाळी ११.२५

म्हणजे विझवायला जाऊन नव्या भेगा पाडायच्या. छान.

तेलविहीर · सोमवार, दुपारी १.४५

भेगांतून काय किती वाहतं हे मोजण्यात माझी नोकरी गेली, पण ते तेलासाठी. हवेलाही नियम तोच, म्हणून लिहितो.

भेगेची रुंदी दुप्पट झाली की तिच्यातून जाणारा प्रवाह दुप्पट नाही, साधारण आठपट होतो. घनाचा नियम. खडबडीत भेगेत तो तंतोतंत लागू होत नाही, पण कल तोच. त्यामुळे माळावर शंभर भेगा असल्या तरी हवेचा बहुतेक कारभार दोन-तीन रुंद भेगा बघतात. माती टाकून नव्वद भेगा बुजवल्या आणि रुंद तीन राहिल्या तर फारसा फरक पडत नाही. वर्तमानपत्रात “भेगा बुजवल्या” असं छापून येतं तेव्हा मला हेच विचारावंसं वाटतं: कोणत्या?

ताईंच्या श्वासवाल्या भेगांचं असं आहे. आगीवरची हवा तापून हलकी होते, वर जाते, आणि तिची जागा घ्यायला खालच्या किंवा दूरच्या भेगांतून गार हवा ओढली जाते. धूर ओकणारी भेग आगीच्या डोक्यावर असते, गार भेग आगीला खाऊ घालते. धूर ओकणारी भेग सगळ्यांना दिसते, फोटो तिचेच निघतात. बंद करायची असते दुसरी. त्यात हवेचा दाब रोज चढउतार करतो, दाब उतरला की जुनी खाण उच्छ्वास टाकते, चढला की आत घेते. म्हणून एकच भेग सकाळी गार आणि दुपारी धुरकट असंही दिसतं. भाच्याला सांगा, एका भेटीत ठरवू नकोस.

भ्रंशाबद्दल मात्र काकांशी माझं थोडं वाकडं आहे. आगीचा जीव जमिनीच्या वरच्या काही दशक मीटरांतच जास्त. तेवढ्या खोलीवर जुना भ्रंश असला काय नि नसला काय, माणसाने पोखरलेल्या पोकळ्या आणि त्यांच्यावर खचलेलं छप्पर हाच मुख्य मार्ग. भ्रंशाला उगाच नायक करू नका.

भूस्तर_बडोदा · सोमवार, संध्याकाळी ६.२०

अरे, नायक कोण करतंय? पण तू म्हणतोस ते निम्मंच आहे. राहिलेलं निम्मं ऐक.

झरियात जुन्या खाणी बहुतेक बोर्ड अँड पिलर पद्धतीच्या. गाळे काढायचे, मध्ये कोळशाचेच खांब ठेवायचे, त्या खांबांवर छत. पुढे खांबही काढले की छत कोसळतं, त्या कोसळलेल्या पोकळीला खाणवाले गोफ म्हणतात. कोसळणं वर वर चढत जातं, जमिनीवर खड्डा किंवा ताण पडून फाटलेली भेग दिसते. इथपर्यंत तुझं-माझं एकमत.

आता सांग, जुन्या मालकांनी खोदाई कुठे थांबवली? भ्रंशापाशी. बोगदा सरळ जातोय, थर छान मिळतोय आणि अचानक समोर दगड. थर वर गेला की खाली हे शोधत बसायला पैसे कोणाकडे होते? शिवाय भ्रंशाजवळ छत भुसभुशीत, दगड पडतात, पाणी येतं. मग काय, भ्रंशाच्या अलीकडे कोळसा तसाच सोडून परत फिरायचं. सोडलेला तो कोळसा भ्रंशाने आधीच चिरडलेला. चिरडलेल्या कोळशाचा पृष्ठभाग कितीतरी जास्त, म्हणून तो ऑक्सिजनही जास्त ओढतो. एका बाजूला मोकळी पोकळी, हवा आणायला. दुसऱ्या बाजूला तडकलेला खडक, धूर वर न्यायला. मध्ये चुरा झालेला कोळसा. पेटायला याहून सोयीची जागा माणसाने मुद्दाम बांधली नसती.

तेव्हा माळावरची भेग माणसाने पाडली हे खरं. पण माणूस कुठे थांबला ते भ्रंशाने ठरवलं, म्हणून पोकळीची कड आणि भ्रंश एकाच दिशेने धावतात. भाच्याला जी रेघ दिसते ती भ्रंश आहे की खचलेल्या पोकळीची कड, हा प्रश्न वरून बघून सुटत नाही. दोन्ही एकमेकांना लागून असणार.

मांडवीकर, भाच्याला हे विचारा. एक, भेगेच्या दोन काठांवर खडकाचे पट्टे जुळतात का? काठ नुसते एकमेकांपासून दूर झालेत आणि पट्टे समोरासमोर आहेत, तर ती खचण्याची ताणभेग. पट्टे जुळत नसतील आणि जुना, घासून गुळगुळीत झालेला, रेघा उमटलेला पृष्ठभाग दिसला तर भ्रंश. दुसरं, खाणीचा जुना नकाशा मिळवायचा आणि कामं कुठे थांबली ते बघायचं. जुने नकाशे अपुरे असतात, खासगी मालकांच्या काळातले तर विशेष. झरियाचा कोकिंग कोळसा, म्हणजे पोलादासाठी लागतो तो, १९७१-७२ मध्ये सरकारकडे आला, त्याआधी कोणी कुठे किती खणलं याचा हिशेब सगळीकडे धड नाही. पण नकाशा असेल तर त्याच्यासारखा साक्षीदार नाही.

ताई, झाम्याबद्दल. तो खाणीच्या आगीत जळलेला नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वी खालून वितळलेला खडक भेगांतून वर घुसला, त्याच्या भिंती म्हणजे डाइक. त्यांच्या उष्णतेने शेजारचा कोळसा भाजून नैसर्गिक कोक झाला, तो झामा. त्यातला वायूचा अंश आधीच उडून गेलेला, म्हणून तो साध्या कोळशाइतका सहज पेटत नाही. डाइक धड, न तडकलेला असेल तर आगीला भिंत मिळते. डाइकही तडकलेला असेल तर तीच गत, जी भ्रंशाची.

तेलविहीर · सोमवार, संध्याकाळी ७.०५

पोकळी भ्रंशापाशी थांबली हे मान्य. हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. तरीही मी माझ्या जागी ठाम, मोजायची झाली तर मी पोकळी आधी मोजेन.

सिडनीवासी_बडोदेकर · सोमवार, रात्री ११.५०

उशीर झाला, इथे मध्यरात्र उलटलीय. खाणी नसतानाही हे होतं, म्हणून लिहितो. इथे न्यू साउथ वेल्समध्ये विंगेनजवळ बर्निंग माउंटन नावाची टेकडी आहे. जमिनीखाली सुमारे ३० मीटरवर कोळशाचा थर जळतोय, अंदाजे ६,००० वर्षांपासून, वर्षाला जेमतेम मीटरभर सरकत. तिथे ना खाण, ना खांब. आग स्वतःच वाट पाडते. कोळसा जळून जागा रिकामी होते, वरचा खडक खाली बसतो, तडकतो, त्या तड्यांतून पुढच्या टप्प्याला हवा मिळते. वर चढून गेलं की मागची जमीन पायऱ्यापायऱ्यांनी खचलेली दिसते, दगड विटकरी आणि पांढरट झालेले. एका टोकाला तुरळक धूर. त्याच्या पुढे अजून धड असलेली, झाडं असलेली टेकडी. गंधकाच्या वासाने बायकोने नाकाला रुमाल लावला तो गाडीत बसेपर्यंत काढला नाही.

भूस्तर_बडोदा · मंगळवार, सकाळी ७.३०

वा. तुझ्या विटकरी दगडांनी एक उपयोगी गोष्ट आठवली. खडकात लोहाची खनिजं असतात. आग त्यांना खूप तापवते तेव्हा त्यांचं चुंबकत्व नाहीसं होतं, मॅग्नेटाइटचं साधारण ५८० अंश सेल्सिअसच्या वर. आग पुढे गेली, खडक गार झाला की पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात ते परत येतं, आणि तापताना नवी चुंबकीय खनिजंही बनलेली असल्याने बरेचदा आधीपेक्षा जोरदार. म्हणून चुंबकमापक घेऊन माळावर फिरलं की जळून गेलेली जमीन वेगळी आणि सध्या तापलेली वेगळी कळते. भ्रंशाच्या एका बाजूला जोरदार आकडे आणि दुसऱ्या बाजूला नेहमीचे, तर आग इथे अडली होती हे सांगता येतं. उपग्रहाच्या उष्णता-छायाचित्रांत वरवरचं तापमान दिसतं, रात्रीची चित्रं जास्त कामाची, कारण दिवसा उन्हानेच सगळं तापलेलं असतं.

चौकस · मंगळवार, सकाळी ९.००

आमच्या चंद्रपूरकडे घुग्घुसला २०२२ च्या ऑगस्टमध्ये आमराई वॉर्डातलं एक आख्खं घर जमिनीत गेलं होतं. तिथे पण आग?

धनबादची_लेक · मंगळवार, सकाळी ९.४०

नाही हो, ते जुन्या खाणीचं छप्पर खचलं. आग नव्हती. पण झरियात दोन्ही एकत्र येतात. आगीने खांब जळून बारीक होतात, मग खचणं अचानक होतं. माझ्या एका मैत्रिणीच्या आत्याला अशाच पट्ट्यातून उठवलं. स्थलांतराची योजना २००९ मध्ये मंजूर झाली, २०२५ मध्ये सुधारून पुन्हा मंजूर केली. आगीची ठिकाणं ७७ वरून २७ वर आली असं सरकारी आकडे सांगतात. आत्या म्हणते, ठिकाणं कमी झाली ती बरीचशी वरून खणून काढल्यामुळे. जळता कोळसाच उचलून नेला की आग राहील कुठे. त्यातही खरं आहे.

कल्याणी_रावपुरा · मंगळवार, सकाळी १०.१५

खणून काढणं हा खरंच पक्का उपाय आहे, फक्त फार खोल गेलं की परवडत नाही आणि वर वस्ती असली की शक्यच नाही. बाकी सगळे उपाय हवा बंद करण्याचे. वरून मातीचा जाड थर, पोकळीत वाळू भरणं, नायट्रोजन सोडणं, आगीच्या पुढे चर खणून त्यात न जळणारी सामग्री भरणं.

एक जवळचं उदाहरण. राजपारडीचा लिग्नाइट आपल्याकडून फार दूर नाही, रतनपूरच्या अकीक खाणींच्याच बाजूला. लिग्नाइट कोवळा कोळसा, झरियाच्या कोळशापेक्षा कितीतरी लवकर स्वतः तापतो. उघड्या खाणीची बाजू जिथे तडकलेली असते तिथे आधी वाफ दिसते. पावसाळ्यानंतर उघडीप पडली की नीट बघा.

तेलविहीर · मंगळवार, दुपारी २.१०

लिग्नाइटवरून आठवलं. आपल्याच भागात, सुरत जिल्ह्यातल्या वस्तानला, कोळसा जमिनीखालीच मुद्दाम जाळून त्याचा वायू करायचा प्रकल्प आखला होता. त्यासाठी जागा निवडताना पहिली चाळणी भ्रंशाची. जवळ मोठा भ्रंश असेल तर जागा बाद. कारण इथे उलटं संकट, आत दाब असतो, वायू भ्रंशाच्या तडकलेल्या पट्ट्यातून वर किंवा भूजलात जाऊ शकतो.

आणि भ्रंश नसेल तरी माणूस भेग करू शकतो. क्वीन्सलँडमध्ये चिंचिला इथे लिंक एनर्जी कंपनीने दाब इतका वाढवला की वरचा खडक फुटला आणि वायू गळाला. २०१८ मध्ये न्यायालयाने तिला ४५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड ठोठावला. त्याआधीच, २०१६ मध्ये, क्वीन्सलँडने हा प्रकारच बंद केला. नाव चिंचिला. आपल्याकडे चिंच म्हटली की तोंडाला पाणी सुटतं, तिथे शेतकऱ्यांच्या डोळ्यांना सुटलं.

सुरसागर_कट्टा · मंगळवार, दुपारी २.३०

कोटी चांगली होती, वायू निर्माण न करता सोडून द्या.

मांडवीकर · गुरुवार, रात्री ८.५०

भाच्याचं उत्तर आलं. तुमची सगळी चर्चा त्याला पाठवली होती, साहेबांनाही दाखवली म्हणे.

त्याने तीन गोष्टी लिहिल्यात. एक, भेगेचे काठ बघितले. बहुतेक लांबी नुसती फाटलेली, पट्टे समोरासमोर जुळतात. नाल्याकडच्या टोकाला मात्र नाल्याच्या कापात खडक उघडा आहे, तिथे डावीकडचा पातळ शेल उजवीकडे सापडतच नाही, आणि मध्ये वितीएवढी राखाडी, ओली चिकणमाती. दोन, जुन्या नकाशात गाळे या रेघेच्या करपलेल्या बाजूला आहेत आणि रेघेच्या थोडं अलीकडे सगळे थांबतात. हिरव्या बाजूला त्या थरात काम झाल्याची नोंद नाही. तीन, त्याने उदबत्ती लावून भेगांची ओढ बघितली, खाणीत हे वरिष्ठांच्या परवानगीशिवाय करायचं नसतं हेही त्यानेच सांगितलं. धुराच्या रेघेवर सगळीकडे धूर बाहेर. ओढ सापडली ती रेघेपासून बरीच दूर, माळाच्या खालच्या अंगाला, एका जुन्या, झुडपांनी झाकलेल्या इन्क्लाइनच्या, म्हणजे खाणीत उतरणाऱ्या तिरप्या बोगद्याच्या, तोंडाशी. तिथे उदबत्तीचा धूर सरळ आत.

तर मग काका, आता भ्रंश म्हणायचं की नाही?

भूस्तर_बडोदा · शुक्रवार, सकाळी ७.०५

म्हणायचं. पण धूर भ्रंशातून येत नाही, भ्रंशाच्या अलीकडे खचलेल्या कडेतून येतोय. नाल्याच्या कापातली ती ओली चिकणमाती म्हणजे गाभा, आणि हिरवी बाजू हिरवी राहिली ती दोन कारणांनी: गाभा हवा जाऊ देत नाही, आणि पलीकडे या थरात पोकळीच नाही. यातलं कुठलं कारण किती, हे दोन-चार भोकं पाडून तापमान आणि वायू मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. पलीकडच्या भोकात कार्बन मोनॉक्साइड वाढताना दिसला तर समजायचं, कुठेतरी सरक कमी आहे आणि आग पार होतेय.

भाच्याने नाल्याच्या काठाने आणखी वर जाऊन सरक किती ते नक्की मोजावी. भ्रंशाची सरक टोकाकडे कमी होत जाते. एका जागी दहा मीटर, पुढे दोन मीटर, पुढे शून्य. आग जाईल तर त्या शून्याच्या बाजूने वळसा घालून.

तेलविहीर · शुक्रवार, सकाळी ८.४०

आणि ते इन्क्लाइनचं तोंड. सगळी माती आधी तिथे. धुराच्या रेघेवर माती टाकायची घाई करू नका. आधी ओढ बंद करा, मग रेघेवरचा धूर किती उतरतो ते बघा. फारसा उतरला नाही तर समजा, आणखी एक श्वासवाली भेग अजून सापडायची आहे.

धनबादची_लेक · शुक्रवार, सकाळी ९.१५

मांडवीकर, भाच्याला सांगा की त्या तोंडाशी वाकून बघायचं नाही. आत ओढ आहे म्हणून विषारी वायू बाहेर येणार नाही असं वाटतं, पण दुपारी दाब उतरला की तेच तोंड उलटं फिरतं. आमच्या वस्तीत मोठी माणसं मुलांना पहिली गोष्ट हीच शिकवत.

मांडवीकर · शुक्रवार, रात्री ९.२०

कळवलं. तो म्हणतो साहेबांनी सरक मोजायला आणि भोकांच्या जागा ठरवायला सोमवारचा दिवस दिलाय, आणि इन्क्लाइनभोवती आजच दोरी बांधली. आकडे आले की याच धाग्यावर टाकतो.